कान धरा, पण हलक्या हातानं!

बालमित्रांनो,

आमच्या लहानपणी गृहपाठ राहिला की गुरुजी कान धरायचे. आता शाळेत कुणी कान धरत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे आला होता, त्याचे कान पाहिले तर लालबुंद! "अरे, कुणी पिळले?" तर म्हणतो कसा, "कुणी नाही गं मावशी. नवीन हेडसेट आहे ना, त्यानं!"

आठवीतला मुलगा. वाढदिवसाचे पैसे साठवून त्यानं तो हेडसेट घेतला होता. रंगीत दिवे लागतात, खोक्यावर ड्रॅगनचं चित्र आहे, एवढं पाहूनच! सलग तीन तास खेळला. कानशिलं ठणकायला लागली. वर पंख्याची घरघर, म्हणून आवाज वाढवत नेला. रात्री मला उठवून म्हणाला, "मावशी, कानात शिट्टी वाजतेय. थांबतच नाही."

त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं. ऐकू नीट येत होतं. दुसऱ्या दिवशी शिट्टी थांबली. पण डॉक्टर त्याला म्हणाले, "ही कानानं दिलेली ताकीद आहे, बरं का!"

ताकीद कसली? आपल्या कानात आत, शंखासारख्या भागात, केसांसारखे तंतू असलेल्या हजारो नाजूक पेशी असतात. आवाजाचा संदेश त्या मेंदूकडे पाठवतात. गवतावरून एकदा चालून गेलं तर ते पुन्हा उभं राहतं. रोज तुडवलं तर पायवाट पडते आणि तिथं गवत उगवत नाही. या पेशींचंही तसंच. माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत.

म्हणून हेडसेट निवडताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : कमी आवाजातही ज्यातून स्पष्ट ऐकू येतं, तोच चांगला हेडसेट. आता तो ओळखायचा कसा?

पहिलं, बसतो कसा? कानावर दाबून बसणाऱ्या गादीपेक्षा पूर्ण कान आत मावेल अशी गोल किंवा लांबट गादी बरी. दुकानात मांडून ठेवलेला नमुना मागा आणि दहा मिनिटं तरी डोक्यावर ठेवा. दोन मिनिटांत सगळेच हेडसेट छान वाटतात! चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला. मान खाली-वर करा. घसरू नये, पण कानशिलंही दाबू नयेत. घरबसल्या मागवणार असाल, तर परत करता येतो का ते आधी विचारा.

दुसरं, वजन आणि गादी. मोठे हेडसेट साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम भरतात. तासाभरानंतर शंभर ग्रॅमचा फरकही मानेला कळतो. रेक्झिनच्या गादीत बाहेरचा गोंगाट कमी येतो, पण आपल्या उन्हाळ्यात घाम फार येतो. कापडी गादी गार राहते. गादी बदलता येत असेल तर उत्तमच.

तिसरं, आवाज. खेळात शत्रूची पावलं डावीकडून आली की उजवीकडून, हे ओळखायचं असतं, हो ना? डावीकडचा आवाज डाव्या कानाला क्षणाच्या छोट्याशा अंशानं आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. म्हणजे दोन कानांना दोन चांगले स्पीकर पुरतात. खोक्यावर '७.१' लिहिलेलं असतं, तेव्हाही बहुतेक हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात. बाकीची करामत सॉफ्टवेअरची! नुसता धडामधूम आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. ओळखीचं एखादं गाणं हळू आवाजात लावा. शब्द आणि तबला वेगवेगळे ऐकू आले की समजा, जमलं.

चौथं, जोडणी. साध्या ब्लूटूथवर बरेचदा आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि तोवर तुम्ही बाद! वायरचा घेतलात तर पिन बघा. तिच्यावर तीन काळे पट्टे असतील, तर ऐकणं आणि बोलणं एकाच पिनेतून होतं. तुमच्या फोनला किंवा कॉम्प्युटरला तशी जागा आहे ना, हे आधी पाहा.

आता आईबाबांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मुलांनी ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा : ७८ ला २० तास, ८१ ला १०. डेसिबल मोजायचं यंत्र घरात नसतं, म्हणून एक ढोबळ युक्ती. शांत खोलीत हेडसेट काढून हात लांब करून धरा. त्यातलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, तर आवाज जास्त आहे. आणि हो, मूल हाकेला 'ओ' देत नाही म्हणून लगेच रागावू नका. खांद्यावर हात ठेवा. हेडसेट काढल्यावरही हाका ऐकू येत नसतील किंवा शिट्टी वाजत राहिली, तर मात्र डॉक्टरांकडे न्या.

भाच्यानं पुढं बिनदिव्याचा, कापडी गादीचा हेडसेट घेतला. परवा फोनवर सांगत होता, "मावशी, इतका हलका आहे की डोक्यावर आहे हेच विसरतो!" मी म्हटलं, "अरे, खरी मेख तिथंच आहे. टोचणारा हेडसेट निदान उठवतो तरी. हा तुला कधीच उठवणार नाही." आता तो टेबलावर गजराचं घड्याळ ठेवतो. तास झाला की दहा मिनिटं कानांना मधली सुट्टी!

या आठवड्याचा गृहपाठ : तुमचा हेडसेट हात लांब करून तपासा आणि काय आढळलं ते मला पत्रानं कळवा. आणि कान धरायचेच झाले, तर हलक्या हातानं धरा!

तुमच्या,
बाई