घरचें इंटरनेट आणि वाटेवरची तार

शाळेच्या अभ्यासाचा बराच भाग आतां घरीं इंटरनेटवर येऊन पडला आहे, हें पालकांस सांगावयास नको. २०२० सालीं शाळा बंद झाल्या, तेव्हां कोंकणांतील मुलें रेंज शोधीत टेकड्या चढलीं. तेव्हांपासून आडगांवचा पालक एकच उपाय जाणतो: प्लॅन वाढविणें. हा उपाय पुष्कळदां व्यर्थ ठरतो असें माझें मत आहे. आणि तें मीं पदरचे पैसे घालवून बनविलें आहे.

माझें घर टेलिफोन एक्स्चेंजपासून सुमारें चार किलोमीटरांवर. तांब्याच्या तारेवरून येणारें इंटरनेट मुलीच्या तासाला हटकून अडे. एजंटानें दुप्पट वेगाचा प्लॅन सुचविला, मीं घेतला. बिल वाढलें, वेग होता तितकाच राहिला. तांब्याच्या तारेंतून संदेश जसजसा दूर जातो तसतसा क्षीण होतो. पाट लांब असला म्हणजे पाणी वाटेंतच झिरपतें. मग शेताकडील तोंड रुंद करून काय होणार? काचेच्या तंतूंत ही झीज फारच थोडी.

म्हणून प्लॅन वाढविण्यापूर्वीं संगणक वायरनें थेट राउटरला जोडून वेग मोजावा. एकदां पहांटे, एकदां रात्रीं. वायरनें वेग मिळतो पण माजघरांत मिळत नाहीं, तर दोष बहुधा जांभ्याच्या जाड भिंतींचा, राउटर हलवावा. (आमच्या एका शेजाऱ्यांनीं तो शोभेकरितां लोखंडी कपाटांत ठेविला होता!) दोन्ही वेळां वेग कमीच, तर वाटच अपुरी समजावी. सरकारनें २०२३ सालीं ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदास २ मेगाबिट केली. तेवढेंही न मिळाल्यास लेखी तक्रार अवश्य करावी.

आणि नवी वाट एकट्यानें मागूं नये. २०११ सालीं मंजूर झालेल्या, पुढें भारतनेट म्हणविल्या गेलेल्या योजनेंतून पुष्कळ ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांपर्यंत काचेचा तंतू पोंचला. वाड्यावस्त्या मात्र दूरच राहिल्या. एका घराकरितां कोण खांब पुरणार? वीस घरें एकत्र आलीं तर धंदेवाल्याचेंही गणित बदलतें. हें सरकारचेंच काम, असें म्हणून स्वस्थ बसणारे भेटतात. परंतु मुलाची दहावी तोंवर थांबत नाहीं.

आमच्या वाडीचा अर्ज श्रावणांत गेला. एकोणीस घरांच्या सह्या झाल्या, विसाव्या घरचे आजोबा म्हणाले, "आधीं वेग दाखवा, मग सही." तंतू अद्याप आलेला नाहीं; खांब मात्र रस्त्याच्या कडेला येऊन पडले आहेत.