कावसजीचे नाक ही थाप नव्हे



कपाळाच्या कातडीने पुण्यात नाक बसवल्याची गोष्ट ही ‘देशाभिमानी थाप’ आहे, असे मागील अंकातील पत्रात म्हटले आहे. पण ही गोष्ट छापली ती लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने, ऑक्टोबर 1794 मध्ये. तिथे कसला आला आपला देशाभिमान!

कावसजी हा इंग्रज फौजेतला बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एकाने त्याला नवे नाक दिले. मेणाचा पातळ साचा नाकावर बसवायचा, तो कपाळावर सपाट पसरून रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवायची. भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त तिच्यातूनच येते. सांध्यावर कातात भिजवलेल्या चिंध्या, मग तुपाच्या. पट्टी कापायची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी. गंमत अशी, की अशा नाकावर माशी बसली तर सुरुवातीला रोग्याला ती कपाळावर बसल्यासारखी वाटते!

पत्रलेखकांचे एक म्हणणे मान्य. याला सरळ ‘सुश्रुताची शस्त्रक्रिया’ म्हणणे घाईचे आहे. सुश्रुतसंहितेत माप झाडाच्या पानाचे आणि कातडी गालाची आहे. पण हाच वृत्तांत माहीत असलेल्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये कपाळाच्याच कातडीने नाक बसवले आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. थापेवर विसंबून कोणी माणसाच्या कपाळाला सुरी लावत नाही.

— एक वाचक, पुणे