काचपेटींतील वाळू

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वर्गांत माशांची काचपेटी आली. तळाला घालण्यासाठीं मुलांनीं पिशोरजवळच्या अंजना नदीच्या पात्रांतून वाळू आणली, दोन वेळां खळबळून धुतली व लगेच गप्पी मासे सोडले. चौथ्या दिवशीं निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. कारण निश्चित कळलें नाहीं. पण वाळू शेताच्या ओघळीच्या तोंडाशीं भरली होती, हें मागाहून समजलें. दोष मुलांचा नव्हे. आम्हीं विचारलें नाहीं, हा आमचा.

कित्येक पालक म्हणतात, "वाळू उकळली कीं झालें." आम्हांस हें मत अपुरें वाटतें. उकळण्यानें रोगजंतु व किड्यांचीं अंडीं मरतात. शेतांतील औषधांचा अंश किंवा धातूंचें विष त्यानें खात्रीनें जात नाहीं. म्हणून वाळू कशी धुवावी याच्या आधीं ती कोठून घ्यावी, हाच खरा प्रश्न होय. गांवाच्या वरच्या अंगास, ओघळी, धुण्याचे घाट व गाड्यांची वाट टाळून ती घ्यावी, तीही पेटीपुरतीच. वाळू हें गौण खनिज आहे. म्हणून तलाठ्यास विचारूनच न्यावी.

आपला मुलूख काळ्या पत्थराचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्याच्या वाळूंत पांढऱ्या चुनखडीचे खडेही मिसळलेले असतात. असे कांहीं खडे कुटून त्यांवर व्हिनेगार टाकावें. बुडबुडे उठल्यास चुना आहे असें समजावें. चुन्यानें पाणी जड होतें. गप्पींस तें मानवतें. मृदु पाण्यांतील माशांस मानवत नाहीं.

पुढें वाळू चाळून काड्या, शिंपले व काचा काढाव्या. थोडीथोडी बादलींत घेऊन हातानें ढवळावी व गढूळ पाणी ओतून द्यावें. पाणी निवळ राहीपर्यंत हें करावें, मग दहा वेळां करावें लागो कीं वीस वेळां. साबण मुळींच लावूं नये. नंतर वडील माणसांच्या देखरेखीखालीं ती पाण्यांत दहा मिनिटें उकळावी. पेटींत थर दीड-दोन इंचांहून जाड नसावा; जाड थराच्या तळाशीं हवा पोहोंचत नाहीं व सडक्या अंड्यासारखा दुर्गंध सुटतो.

एवढें केल्यावरही घाई नको. माशांच्या मळापासून होणारें विष नाहींसें करणारे सूक्ष्म जीव धुतलेल्या, उकळलेल्या वाळूंत नसतात. ते वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर दोन-तीनच मासे ठेवावे, अन्न चिमूटभर द्यावें व पाणी थोडथोडें बदलावें. आमच्या माशांचा घात कदाचित् या घाईनेंच झाला असेल.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाच्या हट्टासाठीं त्याच दिवशीं पेटी भरून देऊं नये. मुक्या जीवास घरीं आणावयाचें, तर त्याचें घर आधीं तयार असावें. महिनाभर वाट पाहणारें मूल मासे तर वांचवीलच; शिवाय नदीकडेही अधिक आस्थेनें पाहूं लागेल.