पाण्याखालचा माणूस आणि आपली शिलाई

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरमधील आपल्या कितीतरी बांधवांची चूल शिलाई मशीनवर पेटते. मंदीत हाती येईल ते काम घ्यावे लागते, हे आम्ही जाणतो. परंतु लाइफ जॅकेट किंवा पाणबुड्यांच्या खुणेच्या पिशव्यांचे स्वस्त जॉबवर्क घेऊन एखादा दलाल दारात आला, तर होकार देण्यापूर्वी ते काम काय आहे हे समजून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

खोल पाण्यात उतरण्यापेक्षा वर येणे अवघड असते. दर 10 मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. या दाबाखाली टाकीतील हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, लकवा येतो, प्रसंगी जीव जातो. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुस फाटू शकते. म्हणून मिनिटाला सुमारे 9 मीटरपेक्षा जलद यायचे नाही आणि पृष्ठभागाखाली 5 मीटरवर 3 मिनिटे थांबायचे, असा रिवाज आहे. अधिक खोल वा अधिक वेळ गेल्यास थांबे वाढतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची ही पद्धत हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1908 साली मांडली.

थांब्याच्या वेळी पाणबुडा प्रवाहाबरोबर वाहत जातो. होडीला त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून तो दोरीला बांधलेली नारिंगी लांबट पिशवी हवा भरून वर सोडतो. ती पाहून तांडेल होडी दूर ठेवतो, पंखा थांबवूनच माणसे वर घेतो आणि निघण्यापूर्वी डोकी मोजतो. आखातात मोती काढणाऱ्या गव्वासाची दोरी पूर्वी होडीवरच्या साथीदाराच्या हाती असे. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबईच होती. आजच्या पाणबुड्याचा भरवसा त्या पिशवीवर आहे.

आता कापडाची गोष्ट. ही पिशवी लेप दिलेल्या नायलॉनची असते व तिचे जोड उष्णतेने चिकटवलेले असतात. साध्या सुईने शिवली, तर प्रत्येक टाक्याला भोक पडते आणि हवा निघून जाते. लाइफ जॅकेटमध्ये पाणी न शोषणारा फोम लागतो. थर्मोकोलचे तुकडे भरून भागत नाही. सुती दोरा खाऱ्या पाण्याने कुजतो. वरून मात्र दोन्ही जॅकेटे सारखीच नारिंगी दिसतात. धोका नेमका येथेच आहे.

हा धोका दूरचा नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली व दोन पर्यटक दगावले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी होड्या व जॅकेटेच कामी आली. त्या दिवशी जॅकेट कोणी शिवले, हे कोणी विचारले नाही. ते तरंगले एवढेच पुरे होते.

काही बांधव म्हणतील, आम्ही नाही शिवले तर दुसरा शिवेल. शिवेलही. परंतु ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जीन्सपुरता खपला. बुडणाऱ्या माणसापुढे तो चालणार नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. आतला थर्मोकोल नारिंगी कापडाखाली झाकणे हा त्याच जातीचा व्यवहार नव्हे काय?

काम सोडा, असे आमचे म्हणणे नाही. चार कारखानदारांनी एकत्र यावे, जोड चिकटवण्याचे यंत्र भागीत घ्यावे, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थेची मान्यता मिळवावी, प्रत्येक नगावर आपले नाव व तारीख घालावी. कोकणातील होडीवाल्यांना मान्यताप्राप्त माल लागणारच आहे. हे जमेपर्यंत दलालाला नम्रपणे नकार द्यावा. दोन महिन्यांची तंगी सोसता येते. आपल्या शिलाईमुळे गेलेला जीव कोणत्याही वहीत जमा करता येत नाही.