आईच्या शाळेतली पंडिता

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे बंगळूर, पुणे, मुंबईसारख्या शहरांत आता नवलाची राहिलेली नाहीत. मूल १४ वर्षांचे झाले की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसता येते. त्यामुळे 'पुढे कसे होणार?' ही नातेवाइकांची धास्तीही थोडी कमी झाली आहे. खरा प्रश्न रोजचा असतो. आज मुलांना वाचायला काय द्यायचे?

इतिहास, भाषा आणि संस्कार एकाच पुस्तकातून साधतात, म्हणून पुष्कळ आया चरित्रांकडे वळतात. ख्रिस्ती घरांत संतांची आणि मिशनऱ्यांची चरित्रे हमखास असतात. हिंदू घरांत ती बहुधा कपाटाबाहेरच राहतात. एकीकडे माणसाचा देव होतो, दुसरीकडे त्याचे नावच गाळले जाते. शाळेत निदान दुसरे शिक्षक असतात, वर्गातली मुले उलट विचारतात. घरी आईच शिक्षिका, तीच परीक्षक आणि काय गाळायचे हे ठरवणारीही तीच. तिने एक पान उलटले नाही, तर ते मुलाला कळणारही नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र यासाठी फार उपयोगी पडते, कारण रमाबाई स्वतःच घरी शिकल्या. बंगळूरच्या मराठी मुलांना तर ही गोष्ट जवळचीच वाटेल. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या चिकमगळूर जिल्ह्यातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, रमेला शिकवले. पहाटे कामे सुरू होण्याआधी, पुस्तकाशिवाय, तोंडीच. कुटुंब तीर्थयात्रा करीत भटकत होते. शाळेचा प्रश्नच नव्हता. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायपीट करीत ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एवढा भाग पुरे आहे. नकाशा भिंतीवर लावून गंगामूळपासून कलकत्त्यापर्यंत दोरा ओढायला सांगावे, भूगोल आपोआप होतो. (पाठांतराचा कंटाळा करणाऱ्यांना पुराणांचे हजारो श्लोक तोंडपाठ असलेली ही मुलगी जरूर दाखवावी, मात्र टोमणा मारू नये.)

अडचण १८८३ साली येते. इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कित्येक घरांत चरित्र इथेच मिटते, तर काही घरांत ते इथूनच सुरू होते. दोन्ही चूकच. ज्यांनी तिला बाप्तिस्मा दिला, त्यांचेही सगळे म्हणणे या बाईने मुकाट्याने मानले नाही. पत्रांतून ती त्यांच्याशी वाद घालत राहिली. इकडे तिच्यावर टीकेची झोड उठली, पण जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून तिची बाजू घेतली. हे सगळे मुलांपुढे ठेवले, की धर्मांतर ही कुजबुजण्याची गोष्ट राहत नाही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी सगळ्यात चांगला धडा १८९३ सालचा. शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले, पुढच्या वर्षी पुण्याला आले. तिथे विधवा मुलींना शिक्षण मिळे आणि त्यांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा त्यांचे दार उघडे असे आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. 'केसरी'ने हल्ला चढवला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. आता मुलाने दोन पत्रे लिहावीत. एक मुलीला परत नेणाऱ्या वडिलांचे, दुसरे त्या मुलीचे. परत गेल्यावर तिच्या वाट्याला काय येणार होते, हे ठाऊक असल्याशिवाय दुसरे पत्र लिहिता येत नाही. त्यासाठी त्या काळच्या विधवांची स्थिती वाचावी लागते. आईने आपले मत शेवटी सांगावे, आधी नव्हे.

बंगळूरला राहणाऱ्यांनी एक फेरी महात्मा गांधी रस्त्यावरच्या मेयो हॉलपर्यंत मारावी. तिथे फर्डिनांड किटेल यांचा पुतळा आहे. हा जर्मन मिशनरी १८५३ साली धर्मप्रसारासाठी आला आणि १८९४ साली त्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश निघाला. कन्नड शिकताना रडकुंडीला येणाऱ्या मराठी मुलांना तो आपलाच वाटेल. धर्म सांगायला आलेला माणूस इतकी वर्षे शब्द का गोळा करीत बसला, हे मूल विचारीलच. मराठीतल्या मोल्सवर्थच्या कोशाची ओळख करून द्यायला हीच वेळ चांगली.

'स्मृतिचित्रे' मात्र मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. ते रात्री मोठ्याने वाचावे. लक्ष्मीबाई टिळकही कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. हे सारे त्यांनी असे लिहिले आहे, की मुले आधी पोट धरून हसतात आणि मग गप्प होतात.