फलकावर नसलेली नावं

सैनिक शाळेतल्या दिवसांबद्दल आम्ही फौजी मंडळी लिहायला बसलो की एक गोष्ट हमखास होते. पहाटेची पीटी, मेसमधली पातळ डाळ, सीनियर्सची रगडपट्टी, मग एनडीए, मग अमुक रेजिमेंट. वाचणाऱ्याला वाटावं, सगळा वर्ग एका रांगेत खडकवासल्याच्या गेटमधून आत गेला. तसं कुठल्याच बॅचचं होत नाही. आमचंही झालं नाही. नववी ते बारावी, १९९५ ते १९९९, ही चार वर्षं ज्या पोरांबरोबर मी एका डॉर्ममध्ये काढली, त्यांतले बहुतेक जण आज फौजेत नाहीत. शाळेचं नाव घेत नाही, कारण जे म्हणायचंय ते एका शाळेपुरतं नाही.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो महादेवपुऱ्यात राहायला आल्यापासून. पोस्टिंग बंगळुरूला आलं, क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब, म्हणून भाड्याचं घर शोधलं. २००७ पर्यंत महादेवपुऱ्याची स्वतःची नगरपालिका होती. आता तलावांच्या आजूबाजूला काचेच्या इमारती आणि त्यांच्यामधून न हलणारी ट्रॅफिक आहे. मराठी माणसाला इथे एकटं वाटत नाही. लिफ्टमध्ये सांगलीची, सोलापूरची, लातूरची मराठी कानावर पडते. आणि दोन बिल्डिंग सोडून राहतो माझा डॉर्ममधला शेजारी. चार वर्षं आमचे पलंग एकमेकांना लागून होते. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. शाळेच्या एकाही गेट-टुगेदरला तो आजवर आलेला नाही.

का येत नाही, हे त्याने एका रविवारी सांगितलं. बारावीत असताना त्याला एसएसबीचा कॉल आला तो बंगळुरूचाच. मिरजेहून रात्रीची गाडी पकडून तो इथे उतरला. कब्बन रोडवरचं सिलेक्शन सेंटर, छातीवर नंबर, स्क्रीनिंग, सायकॉलॉजीच्या टेस्ट, मैदानावरची टास्क, इंटरव्ह्यू आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. रेकमेंड झालेल्यांचे चेस्ट नंबर वाचले गेले, त्यात त्याचा नव्हता. संध्याकाळी तो स्टेशनवर होता. पुढे इंजिनियरिंग करून नोकरीसाठी याच शहरात आला तेव्हा सुरुवातीची काही वर्षं त्याने कब्बन रोडवरून जायचंच टाळलं. आता महादेवपुऱ्यातून मेट्रोने एम. जी. रोडला सरळ जाता येतं, सेंटर तिथून जवळच. मी कामासाठी त्या बाजूला जातो तेव्हा त्याची आठवण येते.

सतरा वर्षांच्या पोराला पाच दिवसांत आलेला एक नकार पंचविसावर वर्षं पुरतो, याला मी त्याचा हळवेपणा मानत नाही. तशी तयारी आम्ही चार वर्षं करून घेतली होती.

थोडं मागे जाऊ. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. कल्पना तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची. अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतूनच येत होते, ते चित्र बदलावं, शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या मुलालाही त्या दारापर्यंत पोहोचता यावं, हा हेतू. हेतू शंभर टक्के योग्य होता. माझ्या घरात त्याआधी कुणी फौजेचा अधिकारी पाहिलेलाही नव्हता, तेव्हा या योजनेचं ऋण मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण दार जितकं अरुंद तितकीच पोरं त्यातून जाणार. एनडीएला दर सहा महिन्यांनी लाखांच्या घरात अर्ज येतात आणि जागा असतात चारशेच्या आसपास. सैनिक शाळेची पोरं त्यात पुढे असली तरी अख्खा वर्ग काही आत जात नाही. हे गणित प्रिन्सिपलपासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पोरांना तेवढं सांगितलं जात नाही.

आमचा वर्ग नववी-दहावीत खरोखर एक होता. एकाच्या घरून आलेला चिवड्याचा डबा दहा मिनिटांत संपायचा. प्रेपमध्ये एक झोपला की दुसरा पाळतीवर. अकरावीत मात्र वर्गाची फाळणी झाली, आणि ती कुणी जाहीर केली नाही. ज्यांच्या चष्म्याचा नंबर वाढत होता ते गप्प व्हायला लागले. लेखी परीक्षेचा निकाल लागला त्या रात्री डॉर्मच्या एका बाजूला गलका आणि दुसऱ्या बाजूला मच्छरदाण्या लवकर खाली. तरीही आमच्या पोरांमध्ये काहीतरी चांगलं होतंच. अख्ख्या वर्गात नीट बसणारा नेव्ही ब्लू ब्लेझर एकच होता. तो भोपाळला गेला, अलाहाबादला गेला, बंगळुरूला गेला. ज्याचा होता तो लेखी परीक्षेतच अडकला होता, पण दर वेळी इस्त्री तोच करून द्यायचा. माझ्या इंटरव्ह्यूला मी तोच ब्लेझर घातला होता.

१९९९ च्या जूनमध्ये कारगिल पेटलेलं असताना आम्ही काही जण ट्रंका घेऊन खडकवासल्याला निघालो. बाकीचे सांगली-कऱ्हाडच्या इंजिनियरिंग कॉलेजांच्या रांगेत उभे होते. टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसत होत्या आणि त्या रांगेतल्या पोरांना वाटत होतं की आपण नालायक ठरलो. एसएसबी तुम्हाला का घेतलं नाही ते सांगत नाही. सांगूही नये, निवडीची ती पद्धतच आहे. पण त्या न सांगितलेल्या कारणाच्या जागी पोरगं स्वतःच काहीतरी भरून टाकतं, आणि ते सहसा क्रूर असतं.

शाळांमध्ये मोठे फलक असतात. सोनेरी अक्षरांत एनडीएत गेलेल्यांची नावं, वर्षवार. सर्वाधिक कॅडेट एनडीएत पाठवणाऱ्या सैनिक शाळेला रक्षामंत्री ट्रॉफी मिळते. माझे काही वरिष्ठ म्हणतील, यात चूक काय? सरकारी पैसा अधिकारी घडवण्यासाठी खर्च होतो, मग मोजायचं दुसरं काय? मुद्दा मान्य. ट्रॉफी राहू द्या, फलकही राहू द्या. पण मोजमाप शाळेचं आहे, पोराचं नाही, हा फरक वर्गात कुणीतरी तोंडाने सांगायला हवा. अकरावीच्या पोरांसमोर दरवर्षी एखादा जनरल येऊन भाषण देतो. त्याच्या शेजारी कॉन्फरन्समधून परत आलेला एखादा माजी विद्यार्थीही बसवा. डॉक्टर असेल, द्राक्षबागायतदार असेल, एसटीत डेपो मॅनेजर असेल. त्याला विचारू द्या पोरांना, परतीच्या गाडीत काय वाटलं आणि मग काय केलं. माझ्या मते जनरलपेक्षा त्याचं भाषण जास्त लक्ष देऊन ऐकलं जाईल. (जनरल साहेबांनी माफ करावं.)

हे आज बोलायचं कारण आहे. २०२१ मध्ये केंद्राने खासगी संस्था आणि राज्यांच्या भागीदारीत शंभर नव्या सैनिक शाळांना मंजुरी दिली. मुलींनाही आता सैनिक शाळांत प्रवेश आहे, आणि मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ते सगळं उत्तमच. पण त्याबरोबर पाचवीच्या पोरांचे क्लास गावोगाव उघडलेत, बोर्डावर कॅप घातलेल्या लेकरांचे फोटो. म्हणजे नकार पचवायला लागणारी मुलं आणखी वाढणार आणि मुलीही त्यात येणार. त्या क्लासच्या फ्लेक्सवर ही बाजू येणार नाही. ती घरात आईवडिलांनी आणि शाळेत मास्तरांनीच बोलायची.

माझ्या शेजाऱ्याला या शाळेने काय दिलं हे मी रोज पाहतो. गेल्या पावसात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा रात्री दोन वाजता माणसं वाटून, पंप मागवून, म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर हलवणारा तोच होता. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासारखा युनिफॉर्मवाला तिथे त्याने सांगितलं ते काम करत होता. हे गुण मोजायला सतरा वर्षांच्या वयात पाच दिवस पुरतातच असं नाही, हे एसएसबीवर बसलेले अधिकारीही खासगीत मान्य करतात.

डिसेंबरमध्ये आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. यादी नेहमीप्रमाणे रँकने सुरू झाली होती, आधी कर्नल, मग कॅप्टन नेव्ही, मग विंग कमांडर, आणि खाली ‘इतर’. मी सुचवलं की यादी शाळेतल्या रोल नंबरप्रमाणे लावा आणि नावापुढची रँक काढा. दोघांनी लगेच होकार दिला, एकाने ‘प्रोटोकॉल?’ एवढंच विचारलं. ज्याचा ब्लेझर होता त्याने जेवणाचा खर्च उचलतो म्हणून कळवलंय. शेजाऱ्याला मी नवी यादी दाखवली. त्याने स्वतःचा नंबर शोधला, त्याच्या आधीचा आणि नंतरचा नंबर कुणाचा ते वाचलं, आणि पुण्याच्या गाडीची तिकिटं कधी उघडतात ते विचारलं. तिकीट अजून काढलेलं नाही.