कोरेगांवच्या स्तंभावरील नांवें

पांढरकवडा हें यवतमाळ जिल्ह्यांतील गांव आमच्या वाचकांस बहुधा कापसामुळें ठाऊक असेल. त्याच्या नजीक शिवणी येथें ता. १७ एप्रिल १८१८ रोजीं कर्नल ॲडम्स यानें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा मोड केला, ही गोष्ट मात्र जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतही क्वचितच निघते. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळावी म्हणून श्रीमंत इकडे आले होते. पण आप्पासाहेब त्यापूर्वींच इंग्रजांच्या कैदेंत पडले होते. पुढें जून महिन्यांत अशीरगडानजीक बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. वडीलधाऱ्यांच्या तोंडीं हा सारा प्रसंग ‘राज्य बुडालें’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो.

या धांवपळीच्या आरंभीं, साडेतीन महिने आधीं, पुणें जिल्ह्यांत भीमाकांठच्या कोरेगांवास जी लढाई झाली तिची मात्र दर वर्षीं आठवण होते. १ जानेवारीस तेथील स्तंभापाशीं लक्षावधि माणसें जमतात; आमच्या विदर्भांतूनही पुष्कळ जातात. त्याच सुमारास आमच्या घरांतील एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, “काका, हा तर इंग्रजांच्या जयाचा खांब. स्वतंत्र देशांत त्यास मान कां द्यावा?” २०१८ सालीं, लढाईस दोनशें वर्षें होतांना, तेथें दंगल झाली, तेव्हांपासून हा विषय जेवतांना काढूं नये असें पुष्कळ घरांनीं ठरविलेलें दिसतें. आम्हांस तें पसंत नाहीं. मुलानें विचारलें तर सांगितलें पाहिजे.

कॅप्टन स्टाँटन हा ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याजबरोबर सुमारें पांचशें पायदळ, कांहीं स्वार व मद्रासच्या गोलंदाजांच्या दोन तोफा, मिळून आठशेंच्या वर माणूस होतें. सकाळीं भीमेपलीकडे पेशव्यांची वीस हजारांहून अधिक फौज दिसली, तेव्हां त्यानें कोरेगांवांत आश्रय घेतला. पेशव्यांकडील अरब, गोसावी व मराठे गांवांत शिरले आणि दिवसभर गल्लीगल्लींतून हातघाई चालली. आंतल्या लोकांस अन्न नाहीं, पाणी नाहीं. रात्रीं पेशव्यांची फौज निघून गेली, कारण जनरल स्मिथ जवळ येत होता. स्टाँटनही पुण्यास न जातां शिरूरास परतला. त्याचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून पावणेतीनशें झाले होते. जय कोणाचा, यावर अजून वाद चालतो; कंपनीनें तो आपला ठरविला आणि १८२१ सालीं स्तंभाचा पाया घातला.

त्या स्तंभावर पडलेल्यांचीं ४९ नांवें आहेत, व त्यांतील २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. हे महार शिपाई. बाकीच्यांत मराठे, राजपूत, मुसलमान आहेत. कंपनीनें आपला दरारा बसावा म्हणून दगड उभा केला असेल. परंतु महार समाजास तो आपल्या वाडवडिलांच्या नांवांचा एकमेव सरकारी कागद झाला. त्याची गरजही लवकरच पडली. ज्या सरकारनें हीं नांवें कोरलीं त्यानेंच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’ निवडून महारांस पलटणींचीं दारें बंद केलीं! शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं विलायत सरकारकडे अर्ज केला. महायुद्धांत, १९१७ सालीं, गरज पडतांच महारांची पलटण उभी राहिली; १९२१ सालीं मोडलीही. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर या स्तंभापाशीं गेले. ते स्वतः लष्करांतील सुभेदाराचे चिरंजीव. अखेर १९४१ सालीं महार रेजिमेंट निघाली, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवचाच स्तंभ होता. आज तीच रेजिमेंट भारताच्या सैन्यांत आहे.

पेशवाईंतील पुण्यांत महारांस कसें वागवीत, याच्या कथांतील तपशिलावर विद्वानांचा वाद आहे. अस्पृश्यतेविषयीं वाद नाहीं. ती आमच्याच आजोबा-पणजोबांच्या विहिरींवर होती. तेव्हां ‘त्यांनीं परक्यांची चाकरी कां केली?’ हा प्रश्न आमच्या माजघरांतून विचारला जाणें आम्हांस शोभत नाहीं. शिवाय कंपनीची चाकरी कोणत्या जातीनें केली नाहीं? इंग्रजी कचेऱ्यांत तर प्रथम आम्हीच जाऊन बसलों.

विद्यार्थ्यानें हें सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाला, “आणि पेशव्यांकडून जे पडले, ते अरब, ते गोसावी, त्यांचीं नांवें?” त्या स्तंभावर तीं नाहींत, एवढेंच आम्हीं सांगूं शकलों. येत्या एप्रिलांत मुलांस घेऊन शिवणीस जाऊन यावें असें घरांत ठरलें आहे. ऊन फार असेल, म्हणून आजी नको म्हणतात; पण मुलें ऐकत नाहींत.